फुकट अंगरख्यांची पाटी

त्या राज्यात अक्षरे उघडी जन्मत आणि अंगावर अंगरखा असल्याशिवाय त्यांना कुणी विचारत नसे. विणकरांचे अंगरखे महाग, नदीपलीकडून येणारी गाठोडी मात्र फुकट. काही गाठोड्यांत नुसते कापड असे, काहींच्या अस्तरात सुरा शिवलेला असे. अंगरखा चढला की सुरा आतल्या आत गळ्यापर्यंत चिरत जाई. मग तेच कापड प्रेताला घेऊन उठे आणि घरातल्या बाकीच्यांना कापी. गेल्याच महिन्यात एक अख्खी आळी अशी संपली. गटारे तीन दिवस लाल वाहत होती.

ळ वाचला, कारण फुकटच्या गाठोड्यात त्याच्या मापाचे कधीच काही नसे. त्याचा जिवाभावाचा दोस्त ठ मात्र उत्सवासाठी नव्या अंगरख्याच्या मागे लागला होता. ळने त्याला हात जोडून विनवले.

"तुला मिळत नाही म्हणून जळतोस, ळोबा," ठ म्हणाला. "हरकारा नेईल तिथूनच घेणार मी. तो चुकत नाही."

हरकारा चौकात बसे. विचारलेले शब्द ज्या पाटीच्या वरच्या ओळीत असतील, तिथे तो विचारणाऱ्याला नेऊन सोडी. खालचे वाचायला त्याला सवड नव्हती, आणि खरे सांगायचे तर लोकांनाही नव्हती. जिवाला धोका नसलेला अंगरखा कुठे मिळेल, असे चौकात कुणी विचारतच नसे.

ठला वाचवायचे तर हरकाऱ्याच्याच वाटेने जायला हवे, हे ळने ओळखले. दोन दिवस चौकात बसून त्याने लोकांचे शब्द टिपले. मग पाटीवर सर्वात वर ठळक कोरले, 'सुंदर अंगरखे फुकट कुठे मिळतात?' खाली जीव तोडून बाकीचे लिहिले. खुद्द विणकराच्या दारातूनच घ्या. विणकराच्या परवान्याचा कागद वाचा. गाठोड्यासोबत 'मी चढवून देतो' म्हणणारा, न मागितलेला नोकर आला तर गाठ सोडू नका. घालण्याआधी अस्तर उलटून पाहा.

पाटी सकाळी उभी राहिली आणि दुपारपर्यंत हरकाऱ्याने सारे शहर तिच्यासमोर आणून ओतले. गर्दी कुठे जमली हे अस्तरात सुरे शिवणाऱ्या मारेकऱ्यांना सांगावे लागत नाही. त्यांनी पाटीत खिळे ठोकले आणि खालच्या सगळ्या ओळींवर झगमगीत अंगरखे टांगले.

ळ धावत पोचला तेव्हा ठने एक अंगरखा डोक्यातून घातलाही होता. ळने कापड ओरबाडले, तशी त्याची दोन बोटे तुटून खाली पडली. आत हाडे मोडत होती. ठ गुडघ्यांवर कोसळला, त्याने रक्ताची गुळणी टाकली आणि तो निपचित पडला. हा खून आपणच केला, असे ळला वाटले.

मग अंगरखा उठला. ठचाच चेहरा, ठचेच ते जरा तिरके हसू. ओठांवरचे रक्त पुसून तो पाटीला टेकून उभा राहिला. हरकारा नवी झुंड घेऊन येत होता.

"पळा. हा मेलाय," ळ रक्ताळलेला हात वर करून ओरडला.

"या, या," अंगरखा ठच्या आवाजात म्हणाला. "बिनधास्त घ्या. आमच्या ळोबाने जीव ओतून केलेली पाटी आहे."

लोकांनी वरची ओळ वाचली आणि ळला बाजूला सारून रांग धरली.