बिल्ल्याचं शून्य

"चाचा, माझ्या अंगात किती गेलं असेल?"

दस्तगीर मुजावर शिशाचे डबे पुसत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"काय किती?"

"रेडिएशन."

"बिल्ला काय म्हणतो?"

"शून्य."

"मग शून्य."

सन्मती खवाटे हलला नाही. दारातच उभा राहिला. दुपारचे तीन वाजले होते. शेवटचा रोगी कॅमेऱ्याखालून उठून गेला होता आणि तळघरात आम्ही तिघेच होतो.

कृष्णाकाठच्या एका मोठ्या इस्पितळातलं न्यूक्लिअर मेडिसिनचं खातं ते. रोग्याच्या शिरेत किरण टाकणारं औषध टोचायचं. ते हाडात, हृदयात जाऊन बसलं की त्याला कॅमेऱ्याखाली निजवायचं आणि आतलं चित्र काढायचं. हे काम शिकवणारी पदवी आहे. त्या साली शेवटच्या वर्षाला पाच पोरं होती. सन्मती त्यांतला पहिला. जयसिंगपूरचा. पुस्तक त्याला पाठ होतं, आणि आपल्याला पाठ आहे हेही तो कधी विसरत नसे.

दस्तगीर मुजावरांना सगळे चाचा म्हणत. डॉक्टरसुद्धा. ते निवृत्त झाले होते, पण पोरांना हात बसवून द्यायला अजून येत. पोराच्या कामाच्या वहीवर चाचांची सही नसेल तर त्याला परीक्षेला बसता येत नसे.

बोलता बोलता दोन बोटं जबड्याखाली दाबून बघायची चाचांना सवय होती. पोरं मागे त्याची नक्कल करत. सन्मती सगळ्यात हुबेहूब करायचा.

बिल्ल्याचं सांगायला हवं. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकानं छातीवर एक बिल्ला लावायचा असतो. तो काही अडवत नाही. फक्त मोजतो. दर तीन महिन्यांनी सगळे बिल्ले बाहेरगावी तपासायला जातात आणि प्रत्येकाच्या नावापुढे आकडा येतो. बिल्ले वाटणं आणि गोळा करणं हे माझं काम होतं. म्हणून मी दाराशी स्टुलावर बसलेलो होतो.

त्या आठवड्यात पोरांचं रक्त तपासलं होतं. सन्मतीच्या पांढऱ्या पेशी कमी निघाल्या. डॉक्टरांनी बिल्ल्याचा कागद मागवला, त्यावरचं शून्य पाहिलं, आणि मागच्या पंधरवड्यात ताप आला होता त्यामुळे असेल, असं सांगून त्याला पाठवून दिलं.

तेव्हापासून पोरगं धड जेवत नव्हतं. हात धुवायला गेलं की लवकर परत येत नव्हतं. मेसमध्ये बाकीचे म्हणायचे, आता वीज गेली तरी काळजी नाही, सन्मतीला मध्ये उभा करा. आधी तो उलट बोलला असता. आता ताट सारून उठायचा.

चाचांनी फडकं घडी करून ठेवलं.

"बाकी चौघांचे आकडे किती आले?"

"पॉइंट दोन. पॉइंट तीन. एकाचा पॉइंट चार."

"आणि हॉट लॅबमध्ये सगळ्यात जास्त कोण होतं?"

"… मी."

"सगळ्यात जास्त तू. आणि शून्यही तुझंच."

सन्मती दारातून आत आला. मग जे सांगितलं ते खाली बघून सांगितलं.

पहिल्या तीन महिन्यांत त्याचा आकडा पाचांत मोठा आला होता. येणारच. रोज सकाळी हॉट लॅबमध्ये, म्हणजे औषध तयार करायच्या खोलीत, शिशाच्या जाड डब्यातून ते औषध काढावं लागतं. आमच्या खात्यात त्याला धार काढणं म्हणतात. धार काढायला रोज हा पुढे. सुई भरायलाही हाच. दुसऱ्याचा हात संथ चालतो म्हणून त्याच्या हातातून सुई काढून घ्यायचा. आता, आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की पोराला हॉट लॅबमधून काढून टेबलाशी बसवतात, कागद लिहायला. मग कामाचे तास भरत नाहीत. तास नाहीत तर परीक्षा नाही.

म्हणून पुढचे तीन महिने त्यानं बिल्ला बाहेरच्या खणात ठेवला आणि आत गेला.

मी तो बिल्ला खणात पाहिला होता. दोनदा पाहिला होता. विचारणं आपलं काम नाही, असं तेव्हा धरून चाललो.

चाचा रागावले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं मीटर काढलं, चालू केलं आणि सन्मतीच्या डोक्यापासून पायापर्यंत सावकाश फिरवलं. तळवे उलटे करायला लावले. बुटांचे तळ पाहिले.

टिक… टिक…

रिकाम्या खोलीत वाजतं तेवढंच.

"काही नाही," चाचा म्हणाले.

"चाचा, मीटर अंगावर सांडलेलं दाखवतं. आरपार गेलेलं नाही दाखवत."

"येतं की तुला."

"येतं. म्हणून तर झोप लागत नाही."

मग त्यानं खिशातून कागद काढला. चार घड्या घातलेला. त्यावर त्यानं हिशेब मांडला होता. रोज किती औषध, किती मिनिटं, हातापासून किती अंतर, छातीपासून किती. अक्षर सुरेख. खाली एक उत्तर, त्याच्याखाली दुसरं, मग तिसरं. तिन्ही वेगळी.

चाचांनी चष्मा लावून कागद पाहिला. गणित बरोबर आहे म्हणाले. मग एकच विचारलं.

"सुईवर शिशाचं आवरण दर वेळी घातलंस?"

सन्मती आपल्या बुटांकडे बघू लागला.

"विचारतोय."

"घाई असली की… नाही."

"किती वेळा नाही?"

"लिहून नाही ठेवलं."

चाचांनी कागद पुन्हा चार घड्या घालून त्याच्या खिशात सरकवला.

सन्मतीचा आवाज बारीक झाला. तो म्हणाला, सोमवारी वह्या विद्यापीठात जायच्या आहेत. त्याच्या वडिलांनी गावात सांगून ठेवलंय, बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या लोकांनी सत्काराचा दिवससुद्धा धरलाय. चाचांनी सही करावी. आणि बिल्ल्याचं कुणाला सांगू नये. पुढे त्यानं कधी असं केलं तर कान धरावा.

"अजून?"

"अजून एक. मला काही झालेलं नाही, एवढं म्हणा. तुम्ही म्हणालात तर मी धरून चालेन."

"तापच असेल. बहुतेक."

"बहुतेक?"

"डॉक्टर शून्याकडे बघून बोलले. मी कशाकडे बघून बोलू?"

सन्मती भिंतीला टेकला.

चाचा उठले. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असे. त्यांनी खालच्या कप्प्यातून एक फाईल काढली. नाडी बांधलेली, कडा तुटलेल्या. ती सन्मतीच्या पुढ्यात ठेवली.

"वाच."

"काय आहे?"

"माझे आकडे. एकतीस वर्षांचे."

सन्मतीनं नाडी सोडली. कागद वरून पिवळे होते. तो एकेक उलटू लागला आणि आकडे पुटपुटू लागला. पॉइंट तीन. पॉइंट पाच. पॉइंट दोन. एका ठिकाणी पॉइंट नऊ, तिथे त्यानं चाचांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, त्या वेळी एक बाटली फुटली होती, पुढे चल. तो पुढे गेला. पॉइंट चार. पॉइंट तीन. त्याचा आवाज थोडा सावरला. चाचांच्या एकतीस वर्षांत घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि माणूस समोर धडधाकट उभा होता.

मग तो थांबला.

"हे शून्य आहे."

त्यानं कागद चाचांकडे वळवला.

"हे तीन महिने सुट्टीवर होतात?"

"एक दिवस नाही."

"मग…"

"त्या साली मला इनचार्ज व्हायचं होतं."

"झालात?"

"झालो."

सन्मतीनं कागदावरची तारीख पाहिली. बोटांवर मोजली. तेवीस वर्षं झाली होती.

त्यानं मान वर केली. चाचांची दोन बोटं जबड्याखाली होती. दाबत होती, सरकत होती, पुन्हा दाबत होती. चाचांना स्वतःला ते कळत नव्हतं.

सन्मती त्या बोटांकडे बघत राहिला… मग त्यानं नजर काढून घेतली.

"चाचा, तिथे गाठबीठ आहे का?"

"आजपर्यंत तरी नाही."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"सहा डॉक्टरांना. काही नाही म्हणतात."

"मग तुम्ही…"

चाचांनी बोटं खाली घेतली. हात खिशात घातला.

त्यांनी फाईल बांधली. कपाट लावलं. मग टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. एक सन्मतीची कामाची वही, सहीची जागा उघडी करून. दुसरा खात्याचा छापील फॉर्म. काम चालू असताना बिल्ला अंगावर नव्हता, असं कळवायचा. तो फॉर्म मी आयुष्यात दोनदा भरलेला पाहिला आहे. भरला की ते तीन महिने वहीतून खोडतात. रक्त मोठ्या तपासणीला पाठवतात. सुई कुणी भरली, किती वेळा भरली, आवरण किती वेळा नव्हतं, हे सोबतच्या चौघांना बसवून विचारतात आणि जमेल तेवढा आकडा काढतात. तो आकडा जन्मभर नावापुढे राहतो.

आणि तास कमी पडतात.

चाचांनी दोन्हींच्या मध्ये पेन ठेवलं.

"यातल्या एकावर मी सही करतो. कुठल्या ते तू सांग."

"तुम्ही सांगा. गुरू तुम्ही आहात."

"मला कुणी विचारलं नव्हतं."

सन्मतीनं वही जवळ ओढली. पहिलं पान उघडलं, मग शेवटचं. सगळी सुरेख अक्षरात भरलेली. पाचांत सगळ्यात जास्त तास त्याचे होते. त्यानं वही मिटली. परत उघडली.

त्याचा उजवा हात उचलला गेला. मला वाटलं पेनाकडे जाईल. तो वर गेला. दोन बोटं जबड्याखाली लागली.

या खेपेला ती नक्कल नव्हती.

तो स्वतःच दचकला. हात खाली घेतला, मांडीला पुसला, आणि छापील फॉर्म आपल्याकडे ओढला.

नाव लिहिलं. तारीख लिहिली. बिल्ला कुठल्या खणात होता ते लिहिलं, महिने लिहिले. आवरणाच्या रकान्याशी बराच वेळ अडला. मग लिहिलं, नक्की आठवत नाही. पेन चाचांना दिलं. चाचांनी सही केली आणि फॉर्म माझ्याकडे धरला. मी उठून घेतला. साक्षीदार म्हणून खाली माझी सही लागत होती. मी केली. बिल्ला खणात पाहिल्याचं मीही एक वाक्य लिहिलं.

सन्मती दारापर्यंत गेला आणि वळला.

"चाचा, वर्ष गेलं माझं."

चाचांनी फडकं उचललं. पुढचा डबा जवळ ओढला.

"वर्ष मोजता येतं."