लाखावर तीन वाती

"मग लाखच का नाही वळल्यात?" मठातल्या माईंनी विचारलं.

धुंडिराज मास्तरांनी वातींचं गाठोडं मठाच्या पायरीवर टेकवलं आणि आधी नुसता श्वास घेतला. उभा जन्म पोरांना गणित शिकवण्यात गेला, पण असा शीण कधी आला नव्हता. बोटांची सालं निघाली होती.

"लाख फार भोळी संख्या, माई. नुसत्या दोनांची नि पाचांची. दोघांत वाटा, चौघांत वाटा, दहांत वाटा... कशीही मोडते. मी वर तीन वाती घातल्या. एक लाख तीन. मूळ संख्या! कितीही जणांत वाटायला जा, सारखी वाटणी होत नाही. देवाला द्यायची तर अशी अभंग द्यावी."

"हुशार हो तुम्ही!" माई हसल्या. "आणि संकल्प कुणाचा?"

"आमच्या हिचा, कुमुदचा. लक्षवातींचा संकल्प तिनंच सोडला होता. मग उजवा हात लुळा पडला, तिनं अंथरूण धरलं. तेव्हा मी बसलो वळायला. आळीतल्या बायका आल्या होत्या हातभार लावायला. म्हटलं, नको, माझं मी बघतो."

"आणि कुमुद?"

मास्तर उपरण्यानं मान पुसत राहिले.

"ती डाव्या हातानं वळू बघायची. पीळच बसायचा नाही. वात उशीवर ठेवली की उलगडायची. म्हटलं, राहू दे गं, मी आहे ना... आणि कापूस उचलून फडताळात ठेवला. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून निजते. आज सांगितलं, अगं, झाल्या पुऱ्या! तर नुसतं 'बरं' म्हणाली."

माईंनी गाठोड्यावर हात ठेवला.

"माझं कुठं चुकलं, माई? मोजणीत तर चुकलेलं नाही."

देवापुढच्या तबकातून माईंनी चिमूटभर कापूस घेतला. उजवा हात पदराखाली ठेवला आणि डाव्या हातानं मांडीवर एक वात वळली. वाकडी. सैल.

मग गाठोड्याची गाठ सोडून ती आत टाकली आणि फोडणीचे पोहे हलवावेत तसा सगळ्या वातींतून हात फिरवला.

"माई! अहो, काय केलंत हे? आता ती सापडायची कशी? लाखावर चार झाल्या!"

"मग? बिघडलं काय?"

"बिघडलं काय म्हणजे! मूळ राहिली का आता ती? आता दोघांतसुद्धा वाटली जाईल."

"सारखी?"

"अगदी सारखी. काही उरणार नाही."

माईंनी गाठ पुन्हा बांधली. गाठोडं उचलून मास्तरांच्या हातात दिलं.

"मग घरी न्या, मास्तर. दोघं आहात तुम्ही."