गिरजाबाईची सुई

“मग यादीतून माझंच नाव का खोडलंत?”

केतकी निमसरकरने मेट्रन साळवेबाईंना उभ्या उभ्याच विचारले. नव्या नर्सना दवाखान्यातल्या कचऱ्याचे नियम शिकवायला एक नर्स निवडायची होती. त्या परीक्षेत केतकीला पैकीच्या पैकी गुण होते. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. झोपेतून उठवले तरी तिने सांगितले असते.

साळवेबाईंनी चष्मा काढला. गिरजाबाईला दुपारचे इंजेक्शन तू दे, एवढेच म्हणाल्या.

गिरजाबाई एकोणीस वर्षे वॉर्डांतल्या कचऱ्याच्या पिशव्या उचलत होती. चार महिन्यांपूर्वी पिवळी पिशवी नेताना तिच्या पोटरीत सुई घुसली. कापसात सुई असायला नको होती. गिरजाबाईने नळाखाली पाय धुतला आणि पुढची पिशवी उचलली. आजारी पडेपर्यंत कुणाला सांगितलेच नाही. आता त्या सुईतून आलेल्या काविळीने तिचे यकृत निकामी होत आले होते.

ती पिशवी पाच नंबरच्या वॉर्डातली होती. त्या पाळीला तिथे तिघी नर्स होत्या. त्यांत एक केतकी.

केतकी खाटेजवळ गेली. गिरजाबाईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. केतकीने दंड पुसला, सुई टोचली, बाहेर काढली.

गिरजाबाईने अशक्त हाताने तिचे मनगट बाजूला सारले.

“जपून, सिस्टर… माझी सुई हाय. तुमाला लागंल.”

केतकीने सुई पांढऱ्या डब्यात टाकली. मग बराच वेळ ती तो डबा धरून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाई गेली. तिच्या लेकीने जेवणाच्या डब्याची पिशवी आणि चपला नेल्या.

केतकी पुन्हा मेट्रनच्या खोलीत आली. या वेळी ती दाराशीच थांबली. ती पिशवी भरली त्या दिवशी अपघाताचे पेशंट आले होते, तिने सांगितले. धावपळ होती. ट्रेमधले सगळे तिने एकदम कुठल्याशा पिशवीत ओतले होते. त्यात सुई होती की नव्हती, काही केल्या आठवत नव्हते. बाकीच्या दोघींनाही आठवत नव्हते.



“बाई, ती सुई माझी होती का?”

“ते आता कुणालाच कळायचं नाही.”

“मग मी काय समजू?”

साळवेबाई खिडकीकडे वळल्या. बाहेर कुणी दुसरीच बाई पिशव्या गाडीवर चढवत होती…

“तुझीच होती असं समज,” त्या हळूच म्हणाल्या. “मीही एका सुईबद्दल सव्वीस वर्षं तेच समजत आलेय.”