दुसऱ्या अष्टमीचं पाणी

सात वर्षांच्या पोरीला दुपारी तीनपर्यंत पाण्यावाचून कसं ठेवायचं, या विचाराने ऋजुताचा आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. मुलांना दर किती वेळाने पाणी पाजावं हे तिने फोनवर तीन ठिकाणी वाचलं. तिन्ही ठिकाणी वेगळं लिहिलं होतं, आणि तिने त्यातलं सगळ्यात भीतिदायक होतं ते खरं मानलं.

सकाळी खालचीवाडीत पाऊल टाकलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरले ते रांजण. आसणी नदीच्या उगमाभोवती डोंगराला वळसा घालून पाच वाड्या आहेत, आणि या पाचही वाड्यांत प्रत्येक दाराबाहेर एक रांजण असतो. वर्षभर भरलेला, वर झाकण, झाकणावर भांडं. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारायचंसुद्धा नाही, घ्यायचं आणि प्यायचं. पण चैत्र वद्य अष्टमीला ते सगळे रांजण पालथे घालतात. बुडं वर करून ओळीने बसलेले ते रांजण बघून ऋजुताला वाटलं, हे आपल्याकडे पाठ फिरवूनच बसलेत.

"आई, हे रुसलेत का?" कस्तुरीने विचारलं.

"आज फेरी आहे ना, म्हणून," ऋजुता म्हणाली. हे काही उत्तर नव्हे हे दोघींनाही कळलं.

फेरीचा नेम असा. खालचीवाडीतून निघायचं, डोंगर उजव्या हाताला ठेवून पाचही वाड्यांतून जायचं, मग वर चढून उगमावर पाणी प्यायचं आणि पलीकडच्या उतारावरून निघालो तिथेच परत यायचं. बरोबर पाणी घ्यायचं नाही. वाडीत कुणी देणार नाही. कस्तुरी दोन वर्षांची असताना न्यूमोनियाने अकरा दिवस दवाखान्यात होती; तेव्हा ऋजुताच्या सासूबाईंनी नवस बोलला होता, की पोर उठली तर सातव्या वर्षी फेरी करेल. ऋजुताचा नवसावर विश्वास नव्हता. न फेडलेल्या नवसावर मात्र होता. म्हणून ती आली होती, आणि म्हणूनच पिशवीत, कस्तुरीच्या जादा फ्रॉकमध्ये गुंडाळून, तिने पाण्याची स्टीलची बाटलीही आणली होती. देवालाही दुखवायचं नाही आणि डॉक्टरांनाही, अशी तिची एकूण रीत.

फेरीत पंधरा-सोळा माणसं होती. पुढे हौसाआजी. पंचाहत्तरीची, काटकुळी, पायांत टायरच्या चपला. फेरी दरवर्षी तीच नेते असं कळलं.

"लेकरू चालंल का गं?" आजीने ऋजुताला विचारलं.

"चालेल. डबा आणलाय, टोपी आहे, ग्लुकोजची..." ऋजुता तिथेच थांबली.

"लई सामान हाय तुझं," आजी म्हणाली आणि चालू लागली.

खालचीवाडीतून बाहेर पडतानाच पहिलं दार आलं. उंबऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याने हातातली काठी दोनदा आपटली. "कोण रं ते? आमची पाळी न्हाई. पुढं जा."

फेरी पुढे सरकली. कोनवाडीत बायका ओट्यावर रांगेने उभ्या होत्या. एक म्हणाली, "आली बघा तहानलेली. शहरात नळ आटले व्हय गं?" दुसरी म्हणाली, "पुढं जा, पुढं जा, सावली अडवू नका." ही म्हणण्याची पद्धत आहे, वर्षानुवर्षांची, हे ऋजुताला माहीत होतं. तरी तिने त्या बाईचे डोळे पाहिले, आणि पद्धत कुठे संपते आणि डोळे कुठे सुरू होतात ते तिला नीट कळलं नाही. एक कुत्रं वाडीच्या हद्दीपर्यंत मागे भुंकत आलं. त्याला तर पद्धत कुणी शिकवली नसावी.

दोन वाड्यांमधल्या माळावर पायाखाली काळा कातळ, बाजूला करवंदीची काटेरी जाळी. तिथे हौसाआजी बोलू लागली. दर वाडी मागे पडली की ती कथेचा एक तुकडा सांगे आणि पुढची वाडी आली की गप्प होई.

असे सांगतात की फार वर्षांपूर्वी या पाच वाड्यांत पाण्याची टंचाई होती. प्रत्येक वाडीला एकच झरा, तोही चैत्रात बोटभर. वाटसरूला पाणी कुणी द्यायचं यावरून काठ्या निघत, डोकी फुटत. मग पंचांनी पाळी लावून दिली, तिथीप्रमाणे. प्रतिपदेला खालचीवाडी, द्वितीयेला कोनवाडी, तृतीयेला हुंबरवाडी, चतुर्थीला चिंचवाडी, पंचमीला माळवाडी. षष्ठीला पुन्हा खालचीवाडी. ज्या वाडीची पाळी तिनेच द्यायचं. दुसऱ्याने दिलं तर पाळी मोडली म्हणून पुन्हा काठ्या. सगळ्यांना ते फार न्यायाचं वाटलं, म्हणे.

"न्यायाचंच होतं की," मागून एक माणूस म्हणाला.

"हां. न्यायाचं होतं," आजी म्हणाली. "म्हणून तर पुढचं झालं."

हुंबरवाडीत एक बाई भांडी घासत होती. फेरी समोर आली तशी तिने घागरीतलं उरलेलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मातीत ओतलं. माती चर्र करून प्यायली. कस्तुरी त्या ओल्या डागाकडे बघत राहिली. "आमचं काल झालं," बाई म्हणाली. "पुढं जा."

वाडी मागे पडल्यावर ऋजुता कस्तुरीला घेऊन जाळीआड गेली. शू करायला, असं तिने उगाचच मोठ्याने सांगितलं. बाटली काढली.

"पी पटकन."

"पण नियम आहे ना?"

"लहान मुलांना चालतं." हे तिने तिथल्या तिथे ठरवलं होतं.

कस्तुरीने दोन घोट घेतले आणि तोंड पुसलं. ऋजुताने स्वतः घेतले नाहीत. त्यामुळे आपण फसवणूक निम्मीच केली, असा हिशेब तिने मनाशी मांडला. बाटली आता थोडी रिकामी झाली होती. चालताना आत पाणी डुचमळत होतं. आवाज होऊ नये म्हणून ती पिशवी पोटाशी धरून, गुडघे न वाकवता चालू लागली.

"पाठ धरली का गं?" हौसाआजीने विचारलं.

"थोडी."

मग आजीने पुढचं सांगितलं. त्या वर्षी चैत्र वद्य अष्टमी दोनदा आली. पंचांगात होतं असं कधी कधी. आज सूर्य उगवताना जी तिथी, तीच उद्या उगवतानाही. पहिल्या अष्टमीला हुंबरवाडीने पाणी दिलं, आलेल्या सगळ्यांना दिलं, हात आखडला नाही. दुसऱ्या अष्टमीला एक बाई घाट चढून आली. कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी, डोक्यावर रिकामं मडकं. खालचीवाडी म्हणाली, आमची पाळी नाही. कोनवाडी तेच म्हणाली. हुंबरवाडी म्हणाली, आम्ही अष्टमीचं काल दिलं. चिंचवाडी म्हणाली, आमची नवमी, ती उद्या लागेल. कुणी खोटं बोललं नाही. तो दिवस कुणाचाच नव्हता. प्रत्येकाने हात करून पुढची वाट दाखवली, आणि प्रत्येकाला मनातून वाटलं, की पुढे मिळेलच. तिचं नाव कुणी विचारलं नाही. म्हणून ते आज कुणाला ठाऊक नाही.

चिंचवाडीत दारंच बंद होती. आतून हसण्याचा आवाज आला आणि मग एका फटीतून पोरासोरांचा सूर, "उद्या या, उद्या या." ऊन डोक्यावर आलं होतं. कस्तुरीचे गाल लाल झाले होते, पण ती कातळावरच्या भेगा ओलांडण्याचा काहीतरी खेळ खेळत चालली होती. ऋजुता दर दहा पावलांनी तिच्या कपाळाला हात लावत होती.

चिंचवाडीच्या पुढच्या चढावर हौसाआजी थांबली. तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. ती खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. जराशाने ती हळू आवाजात म्हणाली, "कुणाकडं घोटभर पाणी हाय का? असलं तर द्या. कोण काय म्हणायचं न्हाई."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आजीची नजर फिरत फिरत ऋजुतावर आली.

"तुझ्याकडं हाय का गं, पोरी?"

ऋजुताच्या मनात एकाच वेळी पुष्कळ गोष्टी आल्या. ही परीक्षा असेल. परीक्षा नसली तरी पंधरा माणसांसमोर बाटली काढायची, म्हणजे सासूबाईंच्या कानावर संध्याकाळच्या आत. अजून एक वाडी आहे, मग खडी चढण, आणि कस्तुरीला तिथे चक्कर आली तर? बाटली पोटाशी गार लागत होती.

"नाही हो, आजी," ती म्हणाली. "वर उगमावर मिळेलच ना आता."

कस्तुरीने खेळ थांबवून आईकडे पाहिलं. ऋजुताने तिची टोपी नीट केली. मागच्या माणसाने आजीला हाताला धरून उठवलं.

माळवाडीत कुणीच काही म्हणालं नाही. दारात माणसं उभी होती, खाली माना घालून. पालथ्या रांजणांवर इथे एकेक दगडही ठेवलेला होता. हौसाआजी एका घरापुढे क्षणभर थांबली, रांजणाच्या बुडाला हात लावला आणि पुढे निघाली. ते तिचंच घर होतं.

चढण तासाभराची होती. हाताने धरावं तो दगड भाजत होता, झुडूप धरावं तर काटा. कस्तुरी बकरीसारखी पुढे गेली. तिने पाणी मागितलं नाही. ऋजुताने दोनदा डोळ्यांनी खुणावलं. दोन्ही वेळा पोरीने मान हलवली.

उगम म्हणजे कातळातला एक खळगा, वर वाकलेलं जुनं उंबराचं झाड. खळग्यातून करंगळीएवढी धार निघते. पुढे हातभर लांबीचा एक काळा दगड आडवा पडला आहे, कुशीवर झोपलेल्या मुलाएवढा. धार दगडापाशी येऊन दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडे एक होते. दगड कोरडा राहतो.

सगळे रांगेने प्यायले. हौसाआजी सगळ्यांच्या शेवटी प्यायली, पुष्कळ वेळ, ओंजळी भरभरून. मग उंबराला टेकून तिने राहिलेलं सांगितलं.

त्या बाईला माळवाडीच्या वेशीवर एकजण भेटली, म्हणे. तिच्या डोक्यावर भरलेली घागर होती, वर पळसाचं पान. पाण्याचा आवाज येत होता. बाईने तिथी विचारली नाही, पाळी विचारली नाही. कडेवरची पोर दाखवून म्हणाली, घोटभर दे. घागरवालीचं स्वतःचं लेकरू घरी तापाने पडलेलं होतं. ती म्हणाली, माझ्याकडे नाही. पुढं जा.

बाई वर आली. पोरीला उंबराखाली निजवलं, मडकं फोडलं आणि खापराने कातळातली माती उकरू लागली. पाणी लागलं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि पोरीला त्याची गरज उरली नव्हती. त्याच घटकेला खाली पाचही झरे आटले. घागरवालीने घरी जाऊन घागर उतरवली, तर आत थेंब नव्हता. दुसऱ्या दिवशी माणसं भांडी घेऊन वर धावली. पाण्याचा आवाज येई, पाणी दिसेना. कपारीतून बाईचा आवाज येई, पुढं जा. माणसं दिवसभर डोंगराभोवती फिरली. पुरी फेरी झाली तेव्हा हा खळगा समोर आला. बाई नव्हती. खापर होतं, पोर होती, आणि पाणी पोरीला न शिवता बाजूने चाललं होतं. पंचांनी तिथे कपाळ टेकून शब्द दिला, की पाळी आजपासून मोडली. दारात रांजण राहील, कुणाचाही. आणि या दिवशी आम्ही तिच्यासारखे दारोदार ‘नाही’ ऐकत फिरू.

"ती घागरवाली आमच्या घरातली," हौसाआजी म्हणाली. "म्हणून फेरी आमच्या घरातल्या म्हातारीनं न्यायची. वाड्यांनी नाही म्हटलं ते पाळीमुळं. त्यांचं माफ झालं. हिनं पाणी असून नाही म्हटलं."

आजही चैत्र वद्य अष्टमीला त्या वाड्यांत रांजण पालथे असतात. आजही केवढाही पाऊस होवो, धार केवढीही फुगो, तो दगड वरून भिजत नाही, असे सांगतात. फेरी परत खालचीवाडीत पोचली की पहिला रांजण सुलटा होतो.

ऋजुताने पिशवीत हात घातला. फ्रॉक सोडवला, बाटली काढली आणि पुढे केली. कुणी तरी मागे हुं केलं. तिचे कान तापले.

हौसाआजीने बाटलीकडे पाहिलं. "आता काय करू मी त्याचं," ती म्हणाली. "कोरड्या माणसाला पाण्याचा आवाज लांबनं येतो, पोरी. मला हुंबरवाडीपासनं येत हुता."

"मी हिच्यासाठी ठेवलं होतं," ऋजुता म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तिला तहान लागेल म्हणून."

"व्हय. तिनंबी लेकरासाठीच ठेवलं हुतं."

कस्तुरी कोरड्या दगडाशेजारी उकिडवी बसून धारेत बोट बुडवत होती. तिने मान वर केली, आधी आजीकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"पण आई," ती म्हणाली, "मला तेव्हा तहान लागलीच नव्हती."