पुढे कोण चालणार?

ऐका बाळांनो, आणि मोठ्या माणसांनो, तुम्हीही ऐका. गोष्ट अगदी जुन्या काळातली आहे. एका राज्याच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. त्या गावात येसू नावाची बाई राहायची.

येसू शेळ्या राखायची. ऊन असो, वारा असो, तिचे पाय कधी थकले नाहीत. तिला तीन मैत्रिणी होत्या. भागा मडकी घडवायची आणि ती हसली की पलीकडच्या आळीला ऐकू जायचं. सगुणा मागावर लुगडी विणायची आणि विणता विणता गाणी रचायची. तिसरी तानी. ती नुकतीच लग्न होऊन गावात आलेली, वयाने सगळ्यांत लहान.

या चौघींची एक आवडती रीत होती. ऋतू पालटला की एक दिवस घरकाम बाजूला ठेवायचं, भाकरी बांधून घ्यायची आणि बाहेर पडायचं. श्रावणात झिम्मा-फुगडी, आश्विनात रानफुलं, थंडीत हुरडा, उन्हाळ्यात नदीचा डोह. गावातल्या बाया म्हणायच्या, "या चौघींना वर्ष कधी जुनं होतच नाही."

कुठे जायचं, कधी निघायचं, हे सगळं येसू ठरवायची. आणि बहुतेक वेळा ती एकच जागा ठरवायची, ती म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा माळ. तिथून अर्धं राज्य दिसायचं. तिथला वारा असा की पदर आवरता यायचा नाही. येसू सगळ्यांच्या पुढे चालायची, सगळ्यांच्या आधी पोहोचायची आणि वरून हाक द्यायची, "अगं या की! म्हाताऱ्या झालात काय?"

खालून तिघी हसत, धापा टाकत यायच्या. असं बरीच वर्षं चाललं.

मग एका पावसाळ्यात भागा माती आणायला गेली असताना खाणीची कड ढासळली आणि तिचा गुडघा दबला. हाडवैद्याने पाय बसवला, पण गुडघा पहिल्यासारखा वाकेना. तरी भागाचं हसणं तेच राहिलं. आश्विन आला, माळावर सोनकीची पिवळी फुलं उमलली आणि ती काठी घेऊन सगळ्यांच्या आधी दारात तयार होऊन बसली.

"येशील ना गं वर?" येसूने विचारलं.

"न यायला काय झालं? पाय दुखतोय, डोळे नाही दुखत," भागा म्हणाली.

पण चढ लागला तशी तिची चाल मंदावली. दर थोड्या अंतरावर ती थांबायची. येसू पुढे जायची, उभी राहायची, मागे बघायची, पुन्हा पुढे जायची. सूर्य माथ्यावर आला तरी वाट अर्धीच झाली होती. येसूचा जीव वर लागला होता. ती म्हणाली, "भागा, तू या आंब्याखाली बस. आम्ही वर जाऊन येतो. उगाच तुझ्या पायाला त्रास."

भागाने तिच्याकडे बघितलं, मग काठी बाजूला ठेवली. "जा तुम्ही," ती म्हणाली.

वर त्या दिवशी फार मजा आली. फुगडी अशी रंगली की आभाळ गरगरलं. सगुणाने नवं गाणं म्हटलं. येसू समाधानाने म्हणाली, "बघा, वेळेत पोहोचलो म्हणून एवढं जमलं."

उतरताना भागाने तिघींसाठी गवतात ओवलेले गजरे पुढे केले. येसूने गजरा माळला आणि म्हणाली, "पुढल्या खेपेला तू घरीच आराम कर हो."

पुढल्या खेपेला भागा आलीच नाही.

मार्गशीर्षात ज्वारीची कणसं दुधावर आली. हुरड्याचे दिवस! आता हुरडा शेताच्या बांधावर बसून खायची रीत. पण येसूचा हट्ट निराळा. "बांधावर कोणीही खाईल. आपण माळावर खायचा," ती म्हणायची. कोवळी कणसं, गोवऱ्या, लसणाची चटणी, गूळ, सगळं ती डोक्यावर घेऊन वर न्यायची.

त्या वर्षी सगुणाला दिवस गेलेले होते. तिचं पोट दिसू लागलं होतं. येसूने तिला बघताच म्हटलं, "तुझ्याच्याने चढ व्हायचा नाही. तू थांब घरी. तुझ्यासाठी हुरडा आणू खाली."

"गार झालेला?" सगुणा म्हणाली. येसूला ते ऐकू गेलं नाही. तिने टोपली उचलली होती.

तर अशा त्या दोघीच निघाल्या, पुढे येसू आणि तिच्या मागोमाग तानी. तानीचे पाय तरुण होते. ती येसूच्या बरोबरीने चालत होती. येसू खूश होती. तिला वाटलं, आता कशी चाल जमली! पण अर्ध्या वाटेवर, त्याच आंब्यापाशी, तानी थांबली.

"काय गं, दमलीस?"

"नाही अक्का."

"मग चल की."

तानीने डोक्यावरची चटणीची मडकी उतरवून खाली ठेवली. ती खूप हळू बोलली, पण प्रत्येक शब्द स्पष्ट होता.

"अक्का, आज मी तुमच्या बरोबरीनं चालतेय. पण कधीतरी माझाही पाय मोडेल, नाहीतर माझ्याही कडेवर लेकरू येईल. तेव्हा तुम्ही मला कुठल्या झाडाखाली बसवाल, गावापासून इथपर्यंत मी हाच विचार करत आले. अशा चालण्यात मजा नाही हो. मी परत जाते."

"अगं, पण हुरडा…"

"तुम्ही खा," तानी म्हणाली आणि खरोखरच वळून उतरायला लागली.

येसूला राग आला. कालची पोर, आणि मला शिकवते! तिने मडकी उचलून टोपलीत टाकली आणि पाय उचलले. त्या दिवशी ती आजवरच्या कुठल्याही दिवसापेक्षा लवकर माथ्यावर पोहोचली.

वर सुरेख ऊन पडलं होतं. गवत सोनेरी झालं होतं. येसूने तीन दगड लावले, गोवऱ्या पेटवल्या, कणसं भाजली. तळहातावर चोळून, फुंकर मारून तिने दाणे तोंडात टाकले. हुरडा गोड होता. दर वर्षी असतो तसाच गोड. तिला वाटलं होतं, आज त्याची चव जाईल आणि मग सगळा दोष हुरड्याला देता येईल. पण हुरड्यात काहीच खोट नव्हती.

तिने दुसरी मूठ चोळली. ती कोणाच्या तरी हातावर द्यायला हात आपोआप पुढे गेला आणि तसाच राहिला. भागा असती तर म्हणाली असती, "मला जास्त दे, मी जाड आहे." सगुणाने चटणी तिखट झाली म्हणून नाक पुसलं असतं. येसूने सवयीने उतारावर हाक दिली, "अगं या की!" पण तिथे येणारं कोणीच नव्हतं.

मग तिने खाली बघितलं. अर्धं राज्य दिसत होतं, पण तिचे डोळे गावाच्या वेशीपाशी अडकले. ओढ्याकाठच्या शेतात धुराची एक बारीक रेघ वर चढत होती. शेजारी तीन ठिपके होते. एक ठिपका जमिनीवर पाय पसरून बसला होता. तो कोण हे सांगायला जवळ जायची गरज नव्हती.

येसूने विस्तवावर माती लोटली आणि ती उतरायला लागली. इतक्या वेळा ती हा डोंगर उतरली होती, पण आज प्रथमच तिला वाट लांब वाटली.

शेताच्या बांधापाशी येऊन ती थबकली. तिघींचं हसणं ऐकू येत होतं. डोंगरावर कधी न अडखळलेले तिचे पाय इथे पुढे पडेनात. शेवटी तिला भागानेच पाहिलं. हसणं थांबलं.

"मला बसू द्याल?" येसूने विचारलं.

भागा विस्तवाकडे बघत म्हणाली, "येसू, त्या दिवशी मी आंब्याखाली बसले होते ना, तेव्हा तुमच्या फुगडीचा आवाज खाली येत होता. सगुणाचं गाणंही येत होतं. मला वाटलं, फुगडी संपली की कोणीतरी एक जण खाली येईल. मी वाटेकडे बघत होते. गजरे मी हौसेनं नाही केले गं. हात रिकामे ठेवले असते तर रडू आलं असतं."

सगुणाने आणि तानीनेही माना खाली घातल्या, कारण त्या दिवशी त्याही वरच होत्या.

येसू दोन पावलं पुढे आली. ती म्हणाली, "मला माळ दिसत होता, भागा. तू दिसत नव्हतीस. माझं चुकलं."

भागाने तिच्याकडे पाहिलं. मग बसल्या जागेवरून थोडी सरकली. "बस. पण कणसं भाजायला बस. सगुणाला धूर सोसत नाही, मला वाकता येत नाही आणि ही तानी सगळी करपवतेय."

"दोनच करपली," तानी म्हणाली.

आणि भागा अशी हसली की पलीकडच्या शेतातले पोपट उडाले.

त्या वर्षी फाल्गुनात सगुणा अवघडलेली होती, म्हणून चौघी गावाबाहेरच्या पळसांपर्यंतच गेल्या. त्यांनी फुलं गोळा केली, रंग काढला, एकमेकींना भिजवलं. पुढच्या श्रावणात सगुणाचं लेकरू चार महिन्यांचं झालं होतं. येसू म्हणाली, "चला, डोंगर चढू. पण या खेपेला भागा पुढे चालेल. तिच्या मागे सगुणा, मग तानी. मी शेवटी."

"मी पुढे? मग पोहोचणार कधी?" भागाने विचारलं.

"पोहोचू तिथे पोहोचू."

भागा दोन पावलं चालायची आणि थांबायची. ती थांबली की सगळ्या थांबायच्या. थांबल्यावर मग इकडेतिकडे बघणं आलंच. एवढी वर्षं त्याच वाटेने गेलेल्या येसूला त्या दिवशी कळलं की अर्ध्यावर उजव्या हाताला एक सपाट कातळ आहे आणि त्याच्या मागून एक झरा उडी घेतो. पावसाची सर आली. चौघी त्या कातळाच्या कपारीत शिरल्या. लेकरू पाण्याचा आवाज ऐकून खुदकन हसलं. मग पाऊस थांबल्यावर कातळावरच झिम्मा रंगला. भागाला नाचता येत नव्हतं. तिने आपणच घडवलेली, येसूने पाण्यासाठी डोक्यावरून आणलेली घागर उपडी घालून तिच्यावर असा ठेका धरला की झऱ्याचा आवाज मागे पडला.

खेळता खेळता येसूची नजर एकदा वर, माळाकडे गेली. तानीने ते पाहिलं. "अक्का, तुम्ही जाऊन या हवं तर."

खरं सांगायचं तर येसूचे पाय शिवशिवत होते. पण ती म्हणाली, "फुगडी कोणाशी घालू मग? दे हात."

त्या दिवशी त्या माळावर पोहोचल्या नाहीत. आणि घरी परतल्यावर आठवडाभर गावात त्याच दिवसाच्या गप्पा चालल्या. पुढच्या वेळी आळीतल्या आणखी बाया आल्या. त्यात आंधळी आत्या होती, एक बाळंतीण होती आणि पाठीत वाकलेली सुईणही होती. ज्यांना आजवर कोणी "चल" म्हटलं नव्हतं, त्या आधी आल्या. ऋतू पालटला की सगळं गाव बाहेर पडू लागलं आणि सगळ्यांत हळू चालणारं माणूस सगळ्यांत पुढे राहू लागलं.

वर्षं गेली. येसूचे केस पांढरे झाले आणि तिचेही पाय थकले. एका आश्विनात डोंगराच्या वाटेवर तिची काठी अडखळू लागली. इतरांना पुढे जाऊ द्यायला ती बाजूला झाली. तेव्हा सगुणाच्या लेकीने काही न बोलता तिचा हात धरला, तिला रांगेच्या पुढे नेऊन उभं केलं आणि मागच्यांना सांगितलं, "सावकाश चला गं. आज येसूआजी पुढे आहे."

तात्पर्य : सोबतीने ऋतू साजरा करायचा असेल, तर वाट सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या पावलांनी चालावी.