तिसऱ्या करंड्याचं झाकण

एका राज्यात एक मूर्ख बाई होती, आणि ती मीच. राजाच्या मुदपाकखान्यात भात रांधायचे आणि शिजला का बघायला सारखं झाकण उचलायचे. राजानं जन्मभर कच्चा भात खाल्ला. भला माणूस, कधी बोलला नाही.

त्या राजानं एकदा गुहेतल्या शापित खजिन्याला हात लावला, आणि पायाच्या अंगठ्यापासून तो दगड होऊ लागला. दगड छातीशी आला तेव्हा मांत्रिक म्हणाला, "खजिन्याचे राखणदार दोघे राक्षस भाऊ. माणूस गुहेत पोचलं की तीन दिवस, सूर्य डोक्यावर आला की, एक गुहेत विचारील, एक इथं चुलीपाशी. काळा की पांढरा? दोन्हीकडची उत्तरं उलट हवीत. एकदा जरी सारखी आली, तर गुहेतलं माणूस दगड, राजाही दगड. आणि दोघं एका रक्ताची हवीत."

राजाला मूलबाळ नव्हतं. दरबाऱ्यांच्या घरी त्या दिवशी सगळ्यांनाच ताप आला. माझी लवंगी उठली. "मी जाते. आई इथं बसेल."

मांत्रिकानं करंड्यांच्या तीन जोड्या दिल्या. प्रत्येकात एक बिनरंगी मणी. "प्रश्न आला की उघडा. एक मणी काळा झाला, की त्याच क्षणी शंभर कोसांवरचा त्याचा जोडीदार पांढरा होईल. कुठला कसा, ते मलाही ठाऊक नाही. पण आधी डोकावलात तर नातं तुटलं."

हे त्यानं कोणाला सांगावं? मला!

निघताना मी लवंगीच्या गालाला काजळाची तीट लावली, दंडाला काळा दोरा बांधला, शिदोरीत चार बिब्बे टाकले.

"आई, घाबरलीस की तुला काळंच का गं सुचतं?"

"निघ आता."

चार दिवसांची वाट सरली, आणि पहिल्या दुपारी चुलीच्या धुरातून राक्षस आला. करंडा उघडला. "पांढरा." चुलीशेजारी निजवलेल्या राजाची छाती मऊ झाली. दुसऱ्या दुपारीही पांढरा. राजाचे गुडघे सुटले.

तिसऱ्या सकाळी माझे हात शिवशिवायला लागले.

"हात मागे," खिडकीतली साळुंकी म्हणाली.

"मणी आत आहे ना, तेवढंच बघते."

"हात मागे."

मी झाकण उचललं. मण्याची राख झाली.

"साळुंके, उडत जा गं, पोरीला सांग!"

"दोन दिवस लागतील."

सूर्य डोक्यावर आला. राक्षस आला. "काळा की पांढरा?"

मी मुठीत राख धरून बसले होते. "काळा," तोंडातून निसटलं.

राजाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. हलेना. माझी पोर, माझी पोर. मग अंगठा हलला. राक्षस धुरात विरला, राजा उठून सिंहासनावर बसला, नगारे वाजले. मी मात्र चार दिवस वेशीवर उभी.

लवंगी आली. मी गळ्यातच पडले. "बाई गं, मी उघडला होता तो! मग तुझा मणी पांढरा कसा झाला?"

दंडावरचा काळा दोरा सोडत ती म्हणाली, "तिसरा करंडा मी उघडलाच नाही, सरळ 'पांढरा' म्हणाले. वीस वर्षं तुझा भात खातेय, आई."