परळातला झिंगा

फार पूर्वी कंपिल्ल नगरीत धर्मसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या कुंभारवस्तीत जन्म घेतला होता. त्याचे नाव नंदिय. घरात म्हातारा बाप भग्गव आणि थोरला भाऊ सोणक, एवढीच माणसे.

मुलांची आई वारल्यापासून भग्गवाने चाकाला हात लावला नव्हता. तो ओट्यावर बसून राही, वाढले तर जेवी, विचारले तर नुसता हुंकार देई. त्याचे सगळे सोणक करी. सकाळी तोंड धुवायला पाणी द्यायचे, पेज पाजायची, सांध्यांना तेल चोळायचे, यात त्याने कधी खाडा पडू दिला नाही. पण बापाच्या तोंडून त्याच्यासाठी एक गोड शब्द निघाला नव्हता. बाबा कोणाशीच बोलत नाहीत, मग माझ्याशी तरी कुठून बोलणार, अशी तो मनाची समजूत घाली.

त्या वर्षी ऊन फार तापले आणि नदी आटली. माती आणायला गेलेल्या नंदियाला सुकत चाललेल्या एका डबक्यात झिंगा दिसला, लांब नांग्यांचा, शेवाळी रंगाचा. काठावर बगळे टपून बसले होते. नंदियाने त्याला ओल्या गवतात गुंडाळून घरी आणले. नदीला पाणी येईपर्यंत सांभाळू, मग सोडून देऊ, एवढाच त्याचा विचार होता. मातीचा एक पसरट परळ घेऊन त्याने झिंग्याची पाठ जेमतेम बुडेल इतके गार पाणी ओतले, दडायला एक फुटके खापर ठेवले आणि परळ ओट्याच्या सावलीत, बापाच्या पायाशी मांडला.

भग्गव आधी नुसताच पाहत राहिला. मग एका सकाळी तो आपण होऊन उठला, विहिरीवर गेला आणि परळातले पाणी बदलू लागला. झिंग्याने भाताचे एक शीत नांगीत धरून तोंडाशी नेले, तेव्हा म्हातारा हसला. "तुझी आई अशीच एक शीत वाया जाऊ देत नसे," तो नंदियाला म्हणाला.

सोणक अंगणात माती तुडवीत होता. त्याचे पाय थांबले. आईचे नाव बाबांनी काढले, आणि तेही धाकट्याजवळ.

त्या दिवसापासून सोणकाच्या पोटात निखारा पडला. वस्तीतली माणसे झिंगा पाहायला येत आणि म्हणत, नंदियाने म्हाताऱ्याला माणसांत आणले बरे. सोणक ऐके आणि माती आणखी जोराने मळी. इतकी वर्षे मी राबलो ते कोणाला दिसले नाही, याने चिखलातला एक किडा उचलून आणला आणि बाप याचा झाला, असे त्याला वाटे. एके संध्याकाळी तो बापाचे गुडघे चोळत असताना भग्गव म्हणाला, "जरा सरक. झिंगा दिसत नाही." सोणक सरकला, पण ते शब्द त्याच्या मनातून गेले नाहीत.

पुढे नंदिय मडकी घेऊन बाजाराला निघाला. जाताना त्याने भावाला सांगितले, "दादा, झिंगा मंदावला आहे, खातही नाही. कात टाकील असे वाटते. तेव्हा त्याचे अंग लोण्यासारखे मऊ होते. दुसरा झिंगा जवळ आला तर खाऊन टाकील. त्याला एकट्यालाच राहू दे." सोणकाने मान हलवली.

नंदिय दिसेनासा झाल्यावर सोणक नदीच्या खालच्या डोहाकडे गेला आणि चांगला थोराड झिंगा पकडून घेऊन आला. बाबांनी माझाही झिंगा पाहावा, असे तो स्वतःला सांगत होता. पण धाकट्याचे शब्द तो विसरला नव्हता. ते आठवत होते म्हणूनच तो गेला होता. दुपारी बापाचा डोळा लागला, तेव्हा त्याने थोराड झिंगा परळात सोडला.

परळात रिकामी कात पडली होती. मऊ झिंगा खापराखाली अंग चोरून बसला होता. थोराडाने त्याला ओढून बाहेर काढले. त्याच्या नांग्या वाकत होत्या, त्याला ना लढता येत होते ना पळता येत होते. तो फक्त मागे मागे सरत परळाच्या कडेला जाऊन चिकटला. हे पाहिले की आपला जीव निवेल, असे सोणकाला वाटले होते. तसे झाले नाही. त्याने पाण्यात हात घातला. थोराडाने बोट फोडले, तरी त्याने दोघांना वेगळे केले आणि थोराडाला दुसऱ्या भांड्यात टाकले. तोवर मऊ झिंग्याची एक नांगी तुटून गेली होती.

एवढ्यात भग्गव जागा झाला. रक्ताळलेला हात आणि पाण्यात पडलेली नांगी पाहून तो म्हणाला, "हे तू केलेस." सोणकाने मान खाली घातली. म्हातारा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. त्याने अन्न घेतले नाही. सोणकानेही घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी नंदिय परतला. बापाने त्याला सगळे सांगितले आणि विचारले, "याला घरात ठेवावे की घालवून द्यावे, तूच सांग."

सोणक दाराशी उभा राहून ऐकत होता. नंदियाने एक शब्द उच्चारला असता तर चाक, भट्टी आणि बाप, सगळे त्याचे एकट्याचे झाले असते. त्याने परळात वाकून पाहिले. मग भावाच्या चिंधी बांधलेल्या हाताकडे पाहिले.

"बाबा, दुसरा झिंगा दादाने सोडला हे खरे," तो म्हणाला. "पण याला सोडवताना ज्याचे बोट फुटले, तोही दादाच. आणि दोष माझाही आहे. दादा मातीत उभा राहून आपल्याकडे बघत असे. ते मी पाहत होतो, आणि तरी तुमचे हसणे मी एकट्यानेच घेतले." असे बोलून त्याने ही गाथा म्हटली:

"रोज जवळ असतो जो, तो डोळ्यांना दिसत नाही;
दुरून आलेल्याला मात्र घर दिवा धरून पाही."

भग्गवाने आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. आपल्याला रोज कोण उठवते, कोण जेवू घालते, हे तो जणू पहिल्यानेच आठवत होता. मग तो दाराकडे वळला.

"सोणका," तो म्हणाला, "जेवलास का?"

थोरला मुलगा उंबऱ्यावरच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्या दिवशी भग्गवाने स्वतः पान वाढले आणि तो त्याच्या शेजारी जेवायला बसला.

झिंग्याचे अंग पुढे टणक झाले. नदीला पाणी आले तेव्हा तिघेही काठावर गेले. नंदियाने परळ भावाच्या हाती दिला. सोणकाने आधी थोराड झिंग्याला वरच्या अंगाला सोडले, मग या एका नांगीच्या झिंग्याला एका दगडाच्या आडोशाला ठेवले. तो दगडाखाली शिरेपर्यंत सोणक पाण्यात उभा होता.

ही कथा भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी एका भिक्षूला सांगितली. तो एका वृद्ध स्थविरांची शुश्रूषा करीत असे, आणि स्थविरांनी नव्या भिक्षूची वाखाणणी केली म्हणून मनात जळत होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा भग्गव म्हणजे आजचे हे स्थविर. सोणक तूच होतास. आणि नंदिय दुसरा कोणी नसून मीच होतो." मग त्यांनी स्थविरांकडे पाहिले आणि सांगितले की मत्सर करणाऱ्यावरही जी रुसत नाही आणि त्याचे श्रेय त्याला देते, तीच मैत्री.